खासगी दवाखाना आणि टीबी युनिट यांची सांगड कशी घालावी

तीन आठवडे खोकला असलेला माणूस सहसा सरळ सरकारी दवाखान्यात जात नाही. आधी मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेतो. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. पाच दिवसांत उतार पडला नाही तर तालुक्याच्या गावी जाऊन एक्स-रे काढतो. निदान होईपर्यंत दोन-तीन डॉक्टर, एखादी लॅब आणि एक-दोन मेडिकल दुकानं, एवढ्यांच्या नजरेखालून तो गेलेला असतो. २०२३ साली देशात टीबीचे साधारण साडेपंचवीस लाख रुग्ण नोंदले गेले. त्यातले जवळजवळ एक तृतीयांश खासगी क्षेत्राकडून नोंदलेले होते.

डॉक्टरांकडे रुग्णाचा विश्वास असतो. सरकारच्या टीबी युनिटकडे फुकट तपासणी, फुकट औषधं आणि घरापर्यंत जाणारी माणसं असतात. रुग्ण निसटतो तो या दोघांच्या मधल्या फटीतून. चिठ्ठी दिली पण तो पोचला का, हे कुणी पाहिलं नाही. नोंद झाली पण पत्ता अपुरा होता. औषध सुरू झालं आणि माणूस ऊसतोडीला निघून गेला. ही फट बुजवायची कशी, ते पुढे सांगितलं आहे. हे लिहिलं आहे तालुक्याच्या गावातले डॉक्टर, मेडिकलवाले, लॅबवाले आणि टीबी युनिटचे कर्मचारी यांच्यासाठी.

आधी माणसं जोडा, कागद नंतर

साधारण दीड ते अडीच लाख लोकसंख्येमागे एक टीबी युनिट असतं. गावाकडे ते बहुधा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात सापडतं. डॉक्टरांचा रोजचा संबंध येतो तो वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाशी, ज्याला सगळे एसटीएस म्हणतात. मोठ्या शहरांत टीबी हेल्थ व्हिजिटरही असतात. डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली एसटीएसचं नाव आणि मोबाइल नंबर हवा, आणि तो रजेवर असताना कुणाला फोन करायचा त्याचाही नंबर हवा. ‘जिल्हा क्षयरोग केंद्राशी संपर्क साधावा’ असं मोघम लिहून ठेवलं तर गर्दीच्या ओपीडीत कुणी संपर्क साधत नाही.

टीबी युनिटनं पहिल्या आठवड्यात आपल्या हद्दीची यादी करावी. त्यात फक्त एमबीबीएस आणि छातीरोगतज्ज्ञ धरून भागत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे डॉक्टर हवेत, एक्स-रे सेंटर हवीत, सगळ्या लॅब हव्यात आणि टीबीची औषधं ठेवणारी मेडिकल दुकानंही हवीत. खोकल्याचा रुग्ण सगळ्यात आधी दिसतो तो यांनाच. गावात कुणाकडे जास्त गर्दी असते हे आशाताईंना बरोबर माहीत असतं. यादी त्यांना विचारून पुरी करा.

मग एकेका दवाखान्यात जायचं. हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून भाषण ठेवलं तर तिथे सह्या होतात, रुग्ण येत नाहीत. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ओपीडी ओसरलेली असते, तेव्हा पंधरा मिनिटं मिळतात. जाताना बेडका गोळा करायच्या दहा बाटल्या, तपासणीचे दहा कोरे फॉर्म आणि नंबर लिहिलेलं एक कार्ड घेऊन जा. कायद्यापासून सुरुवात करू नका. टीबीची नोंद २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेनं मेडिकल दुकानं व लॅबही त्यात आल्या, नोंद न केल्यास कायदेशीर कारवाई होऊ शकते. हे डॉक्टरांनी ऐकलेलं असतं. त्यांच्या मनातला खरा प्रश्न वेगळा असतो: नोंद केली की माझा रुग्ण माझ्याकडे राहील का?

त्याचं उत्तर स्पष्ट द्या. राहील. नोंद झाली म्हणून रुग्ण सरकारी दवाखान्यात हलवावा लागत नाही. उपचार डॉक्टर करतात. तपासणी, औषधं, घरच्यांची पाहणी आणि पाठपुरावा यात टीबी युनिट त्यांच्या पाठीशी उभं राहतं. हे शब्द एकदा बोलून पुढे एका जरी रुग्णाच्या बाबतीत मोडले, म्हणजे डॉक्टरांना न सांगता रुग्ण परस्पर वळवला, तर तो दवाखाना कायमचा तुटतो. आणि ही गोष्ट एका दवाखान्यापुरती राहत नाही, गावभर होते.

संशय आला की बेडका, औषध नंतर

दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, बेडक्यातून रक्त पडणं, यातलं एकही असेल तर तपासणी करा. मधुमेह, एचआयव्ही, पूर्वी होऊन गेलेला टीबी किंवा घरात टीबीचा रुग्ण असेल तर दोन आठवड्यांची वाट पाहू नका.

इथे डॉक्टरांच्या हातून होणारी चूक ठरलेली आहे. खोकला जात नाही म्हणून लिव्होफ्लोक्सासिन सुरू केलं जातं. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडं चालतं. आठ-दहा दिवस बरं वाटतं, निदान महिनाभर लांबतं, आणि त्या जंतूंना या औषधाची सवय होऊ शकते. पुढे रेझिस्टंट, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला तर हेच औषध लागतं. म्हणून टीबीची शंका असलेल्या खोकल्यात लिव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन आणि स्टेरॉइड टाळा. अँटिबायोटिक द्यायचंच असेल तर दुसरं द्या, आणि तेही बेडका पाठवल्यावर.

रक्तातल्या अँटिबॉडी तपासून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. त्या कुठल्याच कारणासाठी लिहू नका. मांटू ही कातडीत टोचून करायची किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली तर जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे एवढंच कळतं. आज आजार आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. आजार ठरवायला जंतूचा जनुकीय मागोवा घेणारी चाचणी लागते, म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. सीबीनॅटचा निकाल मशीनवर साधारण दोन तासांत येतो. रिफाम्पिसिनला जंतू दाद देतो की नाही, हेही या चाचण्या सांगतात. खासगी डॉक्टरांनी पाठवलेल्या नमुन्यालाही सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत.

आता बेडक्याबद्दल जरा सविस्तर, कारण निम्मा घोळ इथेच होतो. ‘थुंकी तपासायची आहे’ असं सांगितलं की माणूस थुंकीच देतो. बेडका म्हणा. छातीतून येतो तो बेडका. सकाळी उठल्याबरोबर, चहा, तंबाखू आणि मिश्रीच्या आधी, साध्या पाण्यानं चूळ भरायला सांगा. मग अंगणात किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत उभं राहायचं. बंद खोलीत नको आणि संडासातही नको. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा क्षणभर रोखायचा आणि पोटातून जोर लावून खोकायचं. बाटली ओठांना लावून त्यातच टाकायचं. २ ते ५ मिलि पुरतो, म्हणजे अर्धा ते एक चमचा. घट्ट, पिवळसर किंवा पांढरा असेल तर चांगला. पाण्यासारखा पातळ आणि वर फेस असेल तर ती लाळ आहे, परत घ्या. दवाखान्यातल्या सिस्टरनी प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहायची सवय लावली की वाया जाणारे नमुने पहिल्याच महिन्यात कमी होतात.

नाव आणि तारीख बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. लॅबमध्ये चार झाकणं एकदम उघडली जातात. बाटली बाहेरून पुसा, झाकणाभोवती पॅराफिल्म (ताणून चिकटणारी पट्टी) गुंडाळा, झिपच्या पिशवीत ठेवा आणि फॉर्म वेगळ्या पिशवीत घाला. नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवून ७२ तासांच्या आत लॅबला पोचवा. लशींच्या आणि इन्शुलिनच्या फ्रीजमध्ये तो ठेवू नका. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारी दुपारपर्यंत टेबलावर पडून राहतो, हे बहुतेक ठिकाणी घडतं. म्हणून नेणारा माणूस कोणत्या वारी किती वाजता येणार ते आधीच ठरवा, आणि रुग्णाला त्याच्या आदल्या दिवशी बाटली द्या.

सर्जन मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम. मानेची गाठ काढली किंवा सुईनं तपासली की सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकायची सवय असते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही आणि जनुकीय चाचणीही बिघडते. गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला पाठवा आणि दुसरा नॉर्मल सलाइनमध्ये सीबीनॅटला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच सलाइनची बाटली ट्रेवर ठेवायला सांगा. टेबलावर असताना हे हमखास विसरतं.

नोंद: सगळ्यात महत्त्वाचा रकाना पत्त्याचा

निदान झालं किंवा टीबी समजून औषध सुरू केलं की निक्षय या टीबी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करायची. डॉक्टरांना संगणकावर बसायला वेळ नसेल तर एसटीएसला फोन किंवा संदेश करा, तो नोंद करतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरला शिकवलं तर सगळ्यात बरं. नोंदीबरोबर रुग्णाला निक्षय क्रमांक मिळतो. पुढची प्रत्येक गोष्ट, औषधं, पैसे, बदली, त्याच क्रमांकावर चालते. तो केसपेपरवर ठळक लिहा आणि रुग्णाच्या मोबाइलमध्येही साठवून द्या.

नवी नोंद करण्याआधी मोबाइल नंबर टाकून शोधा. एकाच माणसाची लॅबनं एक, डॉक्टरांनी एक आणि ग्रामीण रुग्णालयानं एक अशी नावाच्या तीन स्पेलिंगांनी नोंद झालेली असते. मग आकडा तीन रुग्णांचा दिसतो आणि औषध मात्र एकालाच मिळत असतं, किंवा पैसे भलत्याच नोंदीत अडकून बसतात.

पत्ता ‘मु. पो.’ एवढा घेऊन चालत नाही. कुणाच्या चाळीत, कुठल्या देवळाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या मागे, घरमालकाचं नाव काय, हे विचारा. फोन दोन घ्या, एक रुग्णाचा आणि एक घरातल्या त्या माणसाचा ज्याच्याशी बोललेलं रुग्णाला चालेल. आणि आपल्या भागात एक प्रश्न कधीच चुकवू नका: पुढचे सहा महिने कुठे असणार? बीडकडचा माणूस दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघाला की मार्चशिवाय परतत नाही. वीटभट्टीवर जाणारे, यंत्रमागावर भिवंडी-इचलकरंजीला जाणारे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुली, सगळ्यांचं हेच. जाणार असेल तर त्या ठिकाणच्या टीबी युनिटकडे निक्षयमधून बदली करता येते. बदलीचं बटण दाबलं म्हणजे काम संपलं असं मात्र समजू नका. तिकडच्या एसटीएसला फोन करा, रुग्णाच्या हातात पुढच्या महिन्याभराची औषधं द्या आणि पोचल्यावर त्याचा आवाज फोनवर ऐकल्यावरच खूण करा. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाचा नंबर उपयोगी पडतो, पण आजार काय आहे हे मुकादमाला सांगायचं की नाही ते रुग्णानंच ठरवायचं.

घरी कोण येणार आणि काय म्हणून येणार, हे डॉक्टरांनी रुग्णाला त्याच दिवशी सांगून ठेवा. ‘माझ्याच माणसांपैकी एकजण फोन करेल, नाव अमुक’ एवढं वाक्य पुरतं. ते न सांगता गणवेशातला कर्मचारी दारात उभा राहिला की शेजारी डोकावतात, सासरी नुकतीच आलेली सून घाबरते आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद होतो. घराबाहेर भेटायचं असेल तर दवाखान्यातच भेटा. रुग्णाचा पत्ता चुकीचा निघाला तर त्याला खोटारडा ठरवायच्या आधी, आपण त्याला धीर दिला होता का ते पाहा.

औषध डॉक्टरांचं, गोळी सरकारी

औषधाला दाद देणाऱ्या टीबीला सहा महिने लागतात: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. सरकारी एकत्रित गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असतं. पुढच्या टप्प्यातल्या गोळीत पायराझिनामाइड नसतं, बाकी तेच. मोठ्या माणसाला किती गोळ्या हे वजनावर ठरतं: २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५ आणि त्यावर ६. म्हणजे ४८ किलोच्या माणसाला रोज ३ आणि ५२ किलोच्या माणसाला ४. अंदाजानं वजन लिहू नका. चप्पल काढून काट्यावर उभं करा आणि दर महिन्याला पुन्हा करा. वजन वाढून वरच्या गटात गेलं तर गोळ्याही वाढतात, हे अनेकदा राहून जातं.

ही औषधं खासगी डॉक्टरांच्या रुग्णालाही फुकट मिळतात. ती दवाखान्यातच ठेवायची, जवळच्या उपकेंद्रातून द्यायची की आशाताईंनी पोचवायची, हे रुग्णाच्या सोयीनं ठरवा. सगळ्यात मोठा धोका दोन्हीकडची औषधं एकदम घेण्याचा आहे. मेडिकलमधलं किट चालू असतं, त्यात सरकारी पाकीट येतं, आणि रुग्ण दोन्ही घेतो किंवा मनानं अर्धं-अर्धं करतो. म्हणून पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणायला सांगा. कोणतं चालू आणि कोणतं बंद, ते स्ट्रिपवर पेननं लिहा.

पहिल्याच दिवशी काही गोष्टी सांगून टाका. लघवी लालसर-केशरी होते, घाबरायचं नाही, ते रक्त नसतं. मळमळ झाली तर थोडं खाऊन गोळ्या घ्यायच्या. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा अन्नावरची वासनाच गेली, तर सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. अंधुक दिसणं किंवा लाल-हिरवा रंग नीट न कळणं हा इथॅम्ब्युटॉलचा परिणाम असू शकतो, तेव्हाही वाट न पाहता दवाखान्यात यायचं. डॉक्टरांनी लक्षात ठेवायचं ते असं: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि वॉर्फरिनही कमी चालतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी साखर पुन्हा पाहा आणि बाईंना पाळणा लांबवायचं दुसरं साधन सुचवा. एचआयव्ही आणि साखर, या दोन तपासण्या प्रत्येक रुग्णाच्या, संमतीनं.

रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू निघाला तर ही गोळी सुरू करू नका, किंवा सुरू असेल तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या ड्रग-रेझिस्टंट टीबी केंद्राशी बोला. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं त्यासाठी बीपीएएलएम ही सहा महिन्यांची उपचारपद्धती मान्य केली. ती कुणाला चालते ते तिथले तज्ज्ञ ठरवतात. स्वतःच्या जबाबदारीवर एखादं औषध वाढवून पाहणं हा सर्वांत घातक पर्याय आहे, कारण एकेक औषध वाढवत गेलं की जंतू एकेकाला दाद देईनासा होतो.

पहिल्या आठवड्यात कोण दगावू शकतो, ते ओळखा

तमिळनाडूनं २०२२ पासून निदान होताच रुग्णाला तिथल्या तिथे पारखायची पद्धत सुरू केली. ती कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटांत जमते. उंची-वजन घ्या, श्वास मोजा, बोटाला ऑक्सिमीटर लावा, पायाची सूज पाहा आणि आधाराशिवाय उभं राहता येतं का ते पाहा. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १४ किंवा त्याहून कमी, किंवा १६ पर्यंत पण पायावर सूज, मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास, ऑक्सिजन ९४ च्या खाली, किंवा उभं न राहता येणं, यातलं एकही असेल तर घरी पाठवू नका. दाखल करा. टीबीचे बरेच मृत्यू उपचाराच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच होतात, आणि दवाखान्यातून ‘गोळ्या घ्या, महिन्यानं या’ म्हणून परत गेलेला अशक्त माणूस त्यांतला एक असतो.

खाण्याचा प्रश्न औषधाइतकाच गंभीर आहे. झारखंडमध्ये झालेल्या रेशन्स या अभ्यासात रुग्णाला महिन्याला १० किलोची शिधापेटी आणि घरातल्या माणसांनाही तांदूळ व डाळ दिली, तेव्हा घरातल्या इतरांमध्ये टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. फुप्फुसाच्या, चाचणीनं सिद्ध झालेल्या टीबीत ही घट ४८ टक्के होती. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘चांगलं खा’ असं न लिहिता नेमकं लिहा: रोज मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, दोन वाट्या घट्ट वरण, जमेल तर दोन अंडी, भाकरीवर तेल. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन साडेएक्केचाळीस किलोच्या खाली असेल तर ती कुपोषित आहे. हा आकडा भिंतीवर लावून ठेवा.

रुग्णाच्या खाण्यासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात, आधी ५०० मिळत. रुग्ण खासगी डॉक्टरांचा असला तरी मिळतात. पैसे अडकतात ते जवळजवळ नेहमी बँक खात्यामुळे: खातं बंद, आधारशी न जोडलेलं, किंवा नावाचं स्पेलिंग वेगळं. नोंदीच्या दिवशीच पासबुकाचं पहिलं पान पाहून घ्या. गावातली पतसंस्था, साखर कारखाना, गणेश मंडळ किंवा एखादा व्यापारी निक्षय मित्र म्हणून शिधा देऊ शकतो. देणाऱ्याला फोटो हवा असतो. रुग्णाचा चेहरा मात्र कुठल्याही फोटोत येऊ देऊ नका.

घरातली बाकीची माणसं

रुग्णासोबत दवाखान्यात आलेल्या बायकोला, आईला त्याच वेळी विचारा: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, घरात लहान मुलं किती. एसटीएस किंवा आशाताई पुढे घरी जाऊन यादी पुरी करतील. घरातल्या सगळ्यांची लक्षणं पाहायची आणि शक्य तिथे एक्स-रे काढायचा. ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. पाच वर्षांखालच्या मुलांना हे सगळ्यात आधी, कारण त्यांच्यात आजार झपाट्यानं आणि मेंदूपर्यंत पसरू शकतो. रुग्णाचा टीबी रेझिस्टंट असेल तर घरच्यांना ही औषधं परस्पर देऊ नका, जिल्हा केंद्राला विचारा.

धडधाकट पोराला सहा महिने गोळ्या कशाला, असं आईबाप विचारणारच. इथे आशाताईंच्या शब्दापेक्षा ज्या डॉक्टरांनी वडिलांना बरं केलं त्यांचा शब्द चालतो. डॉक्टरांनी एक फोन करावा. दोन मिनिटांत होणारं काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.

मेडिकल आणि लॅब

टीबीची औषधं १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे वेगळी नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहेत. विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. एसटीएसनं आठवड्यातून एकदा ही वही पाहिली की नोंद न झालेले रुग्ण सापडतात. त्या रुग्णाला परस्पर फोन करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. वहीत बहुतेकदा फोन नंबर नसतो, म्हणून दुकानदाराला तो रकाना जोडायची विनंती करा. सरकारी औषध आलं की माझी विक्री गेली, हे त्याच्या मनात असतं आणि ते खरंही आहे. त्यावर नाटकी उत्तर देऊ नका, मदत मात्र मनापासून मागा. औषध संपायच्या आधी दोन दिवस रुग्ण आला नाही हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

महिन्यातून एकदा अर्धा तास

दर महिन्याला ठरलेल्या दिवशी एसटीएस आणि डॉक्टर यांनी त्या दवाखान्याच्या रुग्णांची यादी नावानिशी वाचावी. टक्केवारी नको. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी: बेडक्याचा निकाल आला का, गोळ्या चालू आहेत का, वजन किती, घरच्यांची तपासणी झाली का. दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना बेडका पुन्हा तपासायचा. तो पॉझिटिव्ह राहिला तर रेझिस्टन्सची तपासणी. एक दिवस गोळी चुकली तर दवाखान्यातून फोन, तीन दिवस चुकली तर घरी माणूस, असा नियम दोघांनी मिळून ठरवा आणि लिहून ठेवा. लिहिलेला नसेल तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं फोन केला असेल.

केरळनं मोठ्या खासगी रुग्णालयांत एक पाऊल पुढे टाकलं. रुग्णालयातच स्टेप्स नावाचं केंद्र ठेवलं, जिथे त्या रुग्णालयाचाच एक माणूस सगळ्या विभागांतले टीबीचे रुग्ण एका ठिकाणी आणतो, नोंदतो आणि उपचार पुरा होईपर्यंत त्यांच्या मागावर राहतो. पन्नास खाटांच्या रुग्णालयालाही हे जमतं. सिस्टर किंवा सोशल वर्कर, कुणीही एक, पण नावानिशी ठरलेला हवा.

खासगी डॉक्टरांना नोंदीसाठी ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर ५०० रुपये मानधन आहे. रक्कम लहान आहे, पण ती वेळेवर न आल्याची कुरबुर मोठी होते. पॅन आणि बँक तपशील पहिल्याच भेटीत बरोबर भरून घ्या.

निकाल नोंदवला की फाइल बंद करून ठेवायची घाई नको. उपचार संपल्यापासून ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बोलवायचं, लक्षणं विचारायची, बेडका येत असेल तर तपासायचा. या चारही तारखा उपचाराच्या शेवटच्या दिवशीच केसपेपरच्या मागे लिहून द्या, एक प्रत दवाखान्यात आणि एक एसटीएसकडे.